दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : किती दूर, किती वेळ

वाचकहो, आपल्या घरी पृथ्वीचा गोल असेल तर तो जरा जवळ ओढून घ्या. नसेल तर मुलांच्या शाळेतला गोल डोळ्यांसमोर आणा. त्यावर दिल्ली शोधा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शोधा. आता एक दोरा घेऊन त्याचे एक टोक दिल्लीवर दाबून धरा, दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरा आणि दोरा ताठ ओढा. भिंतीवरचा सपाट नकाशा पाहून ज्यांनी आपली समजूत करून घेतली असेल, त्यांना वाटेल की दोरा एकतर युरोप व अटलांटिक महासागरावरून जाईल, नाहीतर चीन-जपान ओलांडून प्रशांत महासागरावरून. तो ह्यांपैकी काहीच करीत नाही. दिल्लीहून तो किंचित पूर्वेकडे कलून जवळजवळ सरळ उत्तरेस चढतो. हिमालय, तिबेटचे पठार, तकलामकानचे वाळवंट, अल्ताई पर्वताचा प्रदेश आणि सबंध सायबेरिया ओलांडून तो आर्क्टिक महासागरात शिरतो, अलास्काच्या उत्तर टोकाशी पुन्हा जमिनीवर येतो आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला धरून खाली उतरतो. वाटेत तो पंचाहत्तर अक्षांशांच्याही वर जाऊन येतो. पूर्वेस किंवा पश्चिमेस म्हणून ज्या गावाकडे आपण बोट दाखवतो, ते खरे पाहता आपल्या उत्तरेस आहे!

ह्या दोऱ्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरील कोणतीही दोन गावे एकमेकांपासून फार तर २०,००० किलोमीटर दूर असू शकतात. ती मर्यादा ध्यानी घेतली म्हणजे १२,४०० हा आकडा केवढा आहे, हे समजेल. दूर पल्ल्याचे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला की उत्तर चौदा तासांच्या आत येते. शाळेतल्या गणितात एवढ्यावर पूर्ण गुण मिळाले असते. परंतु दिल्लीच्या विमानतळावर मुलीला किंवा नातवाला निरोप देऊन घरी परतलेल्या माणसाने हे उत्तर धरून घड्याळाकडे पाहत बसू नये. कारण त्या दोऱ्यावरून विमान जातच नाही.

न जाण्याचे पहिले कारण आपल्या उशाशीच उभे आहे. तिबेटच्या पठाराची सरासरी उंची साडेचार हजार मीटरांहून अधिक आहे. उंचावरून उडणाऱ्या विमानात माणसाला श्वास घेता यावा म्हणून आतील हवेचा दाब यंत्राने राखावा लागतो. हा दाब काही बिघाडाने एकाएकी गेला तर प्रवाशांच्या डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात. परंतु त्यांतील प्राणवायू काही मिनिटांपुरताच असतो. तेवढ्या अवधीत विमानाने सुमारे ३,००० मीटरांवर उतरावयाचे असते. जेथे जमीनच त्याहून दीड हजार मीटर उंच आहे, तेथे उतरावे कोठे? म्हणून विमाने हिमालय व तिबेट ह्यांना शक्य तो वळसा घालतात. आपल्या पूर्वजांनी ज्याला अभेद्य म्हटले, तो पर्वत विमानाच्या युगातही काही अंशी तसाच राहिला आहे, ह्याचे प्रस्तुत लेखकास कौतुक वाटते.

दुसरे कारण माणसाने निर्माण केले आहे. जमिनीवर सीमा असतात तशा आकाशातही असतात. एखाद्या राष्ट्रावरून जावयाचे तर त्याची अनुमती लागते, त्यासाठी शुल्क द्यावे लागते आणि अनुमती कधी काढूनही घेतली जाते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले. ते १६ जुलै २०१९ रोजी पुन्हा उघडले. एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि पश्चिमेस जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घेणे प्राप्त झाले. इकडे २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकन कंपन्यांच्या विमानांना रशियाचे आकाश बंद झाले. भारतीय विमानांना ते खुले राहिले. परिणाम असा की दिल्ली जागच्या जागी, सॅन फ्रान्सिस्को जागच्या जागी, आणि तरीही ह्या दोहोंतले अंतर विमान कोणत्या देशाचे आहे त्यावर ठरू लागले.

तिसरे कारण वारा. ह्या विषयातील सर्वांत रम्य भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबू या.

भूपृष्ठापासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमके जेथे मोठी विमाने उडतात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्याच्या अरुंद नद्या आहेत. त्यांना इंग्रजीत जेट स्ट्रीम म्हणतात. आपण त्यांना वेगवान वायुप्रवाह म्हणू. उष्ण कटिबंधातील तापलेली हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा ह्यांच्या तापमानातील फरक आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ह्या दोन गोष्टींतून ते जन्मास येतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि वायुप्रवाहही बळावतो. जपानजवळ तर त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किलोमीटरांच्याही वर जातो. नावाड्याला प्रवाह सोबत असला तर वल्हे थोडे मारूनही नाव पुढे जाते, आणि विरुद्ध असला तर हात दुखेपर्यंत मारूनही ती जागीच डुलते. विमानाचेही तसेच.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को ही थेट सेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेस तोंड करून, युरोप व अटलांटिक ओलांडून जात असे. म्हणजे वायुप्रवाहाच्या विरुद्ध दिशेने. ऑक्टोबर २०१६ मध्ये एक निराळा प्रयोग झाला. विमान पूर्वेस वळले आणि बांगलादेश, ब्रह्मदेश, चीन व जपान ह्यांवरून प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोस उतरले. ह्या वाटेने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर पडले, म्हणजे अटलांटिकच्या वाटेपेक्षा जवळजवळ १,४०० किलोमीटर अधिक. चौदाशे किलोमीटर म्हणजे आगगाडीने मुंबईहून दिल्लीला जावे एवढे झाले. एवढे अधिक अंतर तोडूनही ते विमान सुमारे साडेचौदा तासांत, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास आधी पोहोचले. १५,३०० ला साडेचौदाने भागून पाहा. ताशी १,०५० किलोमीटरांहून अधिक वेग निघतो. विमानाचा स्वतःचा वेग एवढा नव्हता. वरचा भाग वाऱ्याने दिला, आणि त्यासाठी इंधनाचा एक थेंबही मागितला नाही.

इंधनाचा हा प्रश्न लहान नाही. एवढ्या लांबच्या प्रवासास निघालेल्या मोठ्या विमानाच्या पंखांत शंभर टनांहून अधिक इंधन भरलेले असते, आणि त्यातील बराच भाग उरलेले इंधन वाहून नेण्यातच खर्च होतो. हत्तीने आपल्याच चाऱ्याचा भारा पाठीवर घेऊन चालावे तसे हे आहे. म्हणून रोज निघण्यापूर्वी वाऱ्याचे अंदाज पाहून त्या दिवसाची वाट आखली जाते. कालची वाट आज असेलच असे नाही. मुलगा गेल्या खेपेस पंधरा तासांत पोहोचला आणि आज सतरा तास होत आले तरी फोन नाही, म्हणून जीव टांगणीस लावू नये. बहुधा वाराच तसा असतो.

क्वचित मात्र कारण वेगळे असते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले एअर इंडियाचे विमान एका इंजिनातील बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान ह्या गावी उतरविण्यात आले. विमानात २१६ प्रवासी व १६ कर्मचारी होते. सर्व सुखरूप होते. परंतु ज्या गावाचे नावही त्यांनी पूर्वी ऐकले नसेल, तेथे शाळा-वसतिगृहांसारख्या जागी मिळेल तसे त्यांना राहावे लागले. कंपनीने मुंबईहून दुसरे विमान धाडले. त्या विमानाने ८ जूनच्या सकाळी मगदान सोडले आणि सुमारे आठ तास उडून ते सॅन फ्रान्सिस्कोस उतरले, तेव्हा तेथे ८ जूनचीच मध्यरात्र नुकती उलटली होती. निघण्याच्या वेळेपूर्वीच पोहोचले म्हणा ना!

ही चेष्टा नव्हे. प्रशांत महासागरातील आंतरराष्ट्रीय वाररेषेची ही करामत आहे. ती रेषा पूर्वेकडे ओलांडताना दिनदर्शिकेचे एक पान मागे उलटावे लागते. हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. मार्च ते नोव्हेंबर ह्या काळात तेथील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, तेव्हा ते साडेबारा तास मागे असते. समजा, जानेवारीत एखादे विमान दिल्लीहून पहाटे चार वाजता निघाले आणि सोळा तास उडाले. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील. तेथे त्याच तारखेच्या सकाळचे साडेसहा. घड्याळावर विश्वास ठेवला तर सारा प्रवास अडीच तासांचा झाला. परतीच्या वाटेवर हे सारे कर्ज व्याजासह फेडावे लागते. तेथून सकाळी दहाला निघालेले विमान तेवढेच सोळा तास उडाले तरी दिल्लीस दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला उतरते, आणि मधली एक रात्र कोठे गेली हे शरीराला उमगत नाही.

शरीराचा विषय निघालाच आहे, तर वडीलधाऱ्या मंडळींना दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सोळा तास पाय खाली सोडून बसल्याने पायांतील रक्त साकळण्याचा संभव असतो. म्हणून तासा-दोन तासांनी उठून मार्गिकेतून चार पावले चालावे, पाणी पीत राहावे. औषधे मोठ्या पेटीत न टाकता हातपिशवीत, वैद्यांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी दिवस व रात्र उलटे झाल्यावर कोणती मात्रा केव्हा घ्यावयाची, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांस विचारून कागदावर लिहून घ्यावे. विमानतळावर चाकांची खुर्ची मागण्यात कमीपणा मानू नये. आणि तेथे पोहोचल्यावर दुपारी झोप अनावर झाली, रात्री तीनला टक्क जाग आली, तर सूनबाईंच्या घरातील गादीला दोष देऊ नये. शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण एक तास ह्या गतीनेच सरकते.

आता ह्या वाटेच्या दोन टोकांविषयी. दोन्ही टोकांना धुके आहे, ही गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. दिल्लीचे धुके डिसेंबर-जानेवारीचे. शेतांवरून व यमुनेच्या काठावरून रात्री ते दाटते आणि पालमच्या बाजूस असलेला विमानतळ पहाटे त्यात बुडून जातो. सॅन फ्रान्सिस्कोचे धुके उन्हाळ्याचे. आतला प्रदेश तापतो, थंड समुद्रावरची ओली हवा आत ओढली जाते आणि ढगांचा एक सखल थर उपसागरावर पसरतो. तेथील विमानतळ १९२७ पासून उपसागराच्या काठी आहे. भर घालून समुद्रातून मिळविलेल्या जमिनीवर त्याच्या धावपट्ट्या पुढे गेल्या आहेत. ज्या दोन समांतर धावपट्ट्यांवर विमाने उतरतात, त्यांच्यामध्ये अंतर अवघे २३० मीटरांच्या आसपास. आकाश स्वच्छ असले की दोन विमाने जोडीने उतरू शकतात. ढग खाली आले की एकामागून एक, अंतर राखून उतरावे लागते. म्हणजे ध्रुवाजवळून बर्फाचे महासागर ओलांडून आलेले विमान शेवटच्या पन्नास किलोमीटरांत खोळंबते. खिडकीपाशी बसलेल्याला खाली केवळ पाणी दिसत राहते, अगदी जवळ येते, आता आपण पाण्यातच टेकणार असे वाटते, आणि त्याच क्षणी चाकांखाली धावपट्टी येते.

कलकत्त्याहून ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी बोटीत बसल्या, तेव्हा त्यांच्या वयाला अठरा वर्षे पुरी होऊन आठवडाच लोटला होता. त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या ४ जून रोजी. अठ्ठावन्न दिवस! पती गोपाळराव पोस्टखात्यात नोकरीस; ते मागे राहिले. पोस्टातील माणसालाही पत्नी सुखरूप पोहोचल्याचे तिच्या हातचे पत्र येण्यास पुन्हा किती आठवडे वाट पाहावी लागली असेल, ह्याची कल्पना आपणच करावी. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा ह्या मार्गे लंडनला गेले, आणि मे १९६० मध्ये बोइंग ७०७ ह्या जेट विमानांनी लंडनमार्गे न्यूयॉर्क गाठले. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल ह्यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरपर्यंत विमान आणले. आनंदीबाईंपासून झोयाबाईंपर्यंत एकशे अडतीस वर्षे झाली. ह्या दोन प्रवासांची सांगड घालण्याचा मोह आवरत नाही, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.

परंतु ह्या सर्व आकड्यांत एक आकडा कोणत्याच कंपनीच्या वेळापत्रकात छापलेला नसतो. दोन विमानतळांमधील वेळ म्हणजे दोन घरांमधील वेळ नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस चाळीस-पन्नास किलोमीटरांवर आपल्याकडील असंख्य तरुण-तरुणी संगणकाच्या उद्योगात नोकरीस आहेत आणि त्यांचे आईवडील सांगलीस, धारला, बेळगावला, नांदेडला आहेत. आनंदात आखलेल्या प्रवासात ह्या आकड्याचे कोणी काही मनावर घेत नाही. वडील अत्यवस्थ झाल्याचा किंवा त्याहून वाईट निरोप जातो, तेव्हा मात्र तो आकडा साऱ्या घरापुढे उभा राहतो. प्रेत किती वेळ ठेवावयाचे? मुलीची वाट पाहावयाची की नाही? जमलेली वडील मंडळी म्हणतात, “विमान तर सोळा तासांत येते ना? मग उद्या सकाळपर्यंत पोहोचेलच ती.”

हा हिशेब शांतपणे करून पाहू. निरोप मिळाल्यावर तिकीट काढून, पारपत्र शोधून घराबाहेर पडण्यास दोन तास लागले, असे धरा. हे फार कमी धरले. विमानतळावर निघण्याच्या तीन तास आधी पोहोचावे लागते, आणि तेथपर्यंतचा रस्ता एक तासाचा. विमानात सोळा तास. दिल्लीस पारपत्र तपासून, सामान घेऊन पुण्याच्या विमानात बसेपर्यंत चार तास. ते विमान दोन तासांचे. पुण्याहून सांगलीपर्यंत मोटारीने साडेचार-पाच तास. बेरीज तेहतीस तासांच्या आसपास जाते, आणि तीसुद्धा तिकीट तत्काळ मिळाले, धुके नव्हते आणि निरोप गेला तेव्हा त्या दिवसाचे विमान निघून गेलेले नव्हते तर. निघून गेले असेल तर त्यात पुरते एक अहोरात्र मिळवावे. थेट विमान न मिळता मध्ये कोठे बदलून यावे लागले, तर आणखी सात-आठ तास.

म्हणून सुचवावेसे वाटते की हा हिशेब प्रत्येक घराने आपल्या गावापुरता आधीच मांडून ठेवावा; अमंगळ म्हणून टाळू नये. आईवडिलांनीच तो मुलांपाशी बोलावा हे अधिक बरे. “माझ्यासाठी थांबू नका” किंवा “ती येईपर्यंत थांबा”, जे काही मनात असेल ते ज्याचे त्याने सांगून ठेवले म्हणजे त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या शेजाऱ्यांना आणि भाऊबंदांना ते ठरवावे लागत नाही. मोठ्या रुग्णालयात शीतगृहाची सोय असते. ती आपल्या तालुक्यास आहे की जिल्ह्यास जावे लागेल, हे विचारून ठेवण्यास एक फोन पुरतो. परदेशातील मुलांनी पारपत्राची मुदत पाहून ठेवावी. तेथील नागरिकत्व घेतलेल्यांनी भारतात येण्याची कागदपत्रे हाताशी ठेवावीत; कारण विमान कितीही वेगवान असले तरी ह्या कागदांवाचून ते त्यांना घेऊन उडत नाही. आणि घराबाहेर पडताच मुलीने एवढेच कळवावे : निघाले, विमान अमुक वाजता आहे, तुमच्या घड्याळाने तुमच्या दारात अमुक वाजता येईन. ती वेळ सांगताना दोन-तीन तास अधिकच सांगावेत.